लॅपटॉपसोबत स्टँड आणि कळफलकही द्या

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

स. न. वि. वि.

कामाचे तास किती असावेत, यावर राज्यात सध्या पुष्कळ बोलले जात आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने खासगी आस्थापनांमधील दैनंदिन कामाची मर्यादा ९ तासांवरून १० तासांपर्यंत वाढवण्यास मंजुरी दिली आणि पाठोपाठ २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राच्या चारही श्रमसंहिता अमलात आल्या. तास वाढावेत की वाढू नयेत, यावर दोन्ही बाजूंनी मते मांडली गेली. परंतु ते नऊ किंवा दहा तास माणूस कोणत्या खुर्चीवर, कोणत्या उंचीच्या टेबलाशी आणि मान कितपत वाकवून काढतो, हा प्रश्न या चर्चेत कोणी उपस्थित केल्याचे माझ्या वाचनात आले नाही. ज्यांचे सगळे काम लॅपटॉपवर चालते त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न तासांइतकाच महत्त्वाचा आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझी उमेदीची वर्षे साताऱ्यात टंकलेखन शिकवण्यात गेली. आमच्या संस्थेत नाव घातलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी अक्षरे शिकवली जात नसत, बसायला शिकवले जाई. पाठ खुर्चीच्या पाठीला टेकलेली, दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट, कोपरे अंगालगत, मनगटे सरळ, आणि नजर कळांवर नव्हे तर शेजारी ठेवलेल्या मजकुराच्या कागदावर. पोक काढून बसलेल्याला टोकणे हा निदेशकाच्या कामाचाच भाग होता. कारण वाकडा बसणारा विद्यार्थी मिनिटाला ४० शब्दांच्या वेगाला सहसा पोहोचत नाही, आणि पोहोचलाच तर त्याचे हात फार काळ टिकत नाहीत, हे आम्ही रोज पाहत होतो. टंकलेखनाचे टेबलही वेगळे असे. लिहिण्याचे टेबल साधारण ३० इंच उंच असते. यंत्राचे टेबल मुद्दाम तीन-चार इंच बुटके केलेले असे, कारण यंत्राच्या कळा टेबलाच्या पृष्ठभागापासून बऱ्याच वर येतात आणि हात कोपराच्या रेषेत राहावा यासाठी टेबलच खाली आणावे लागते. १९५५ मध्ये गोदरेजने देशी बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले. त्यानंतरच्या दशकांत ज्यांनी कचेऱ्यांतून आणि कोर्टांतून नोकरी केली, त्यांना ही बुटकी टेबले नक्की आठवत असतील. शिवाय त्या यंत्रावर हात एकाच जागी खिळून राहत नसत. ओळ संपत आली की घंटी वाजे, हात वर जाऊन कॅरेज, म्हणजे कागद धरणारा सरकता भाग, सरकवी. पान संपले की नवे कागद आणि कार्बन चढवावे लागत. क्षुल्लक वाटणाऱ्या त्या हालचालींत बोटांना, खांद्यांना आणि डोळ्यांना दर मिनिटाला विसावा मिळत होता, याची जाणीव तेव्हा आम्हालाही फारशी नव्हती.

लॅपटॉपमध्ये यातले काहीच उरले नाही, आणि त्याचे कारण वापरणाऱ्याच्या आळसात नाही, यंत्राच्या रचनेत आहे. पडदा आणि कळफलक एकाच बिजागरीने जोडलेले असल्यामुळे दोन्ही योग्य उंचीवर एकाच वेळी येऊच शकत नाहीत. हात कोपराच्या पातळीवर राहतील असा लॅपटॉप ठेवला, तर पडदा इतका खाली जातो की मान वाकवल्याशिवाय काही वाचता येत नाही. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येईल असा तो उचलला, तर कळफलक छातीच्या उंचीला येतो आणि खांदे उचलून टंकावे लागते. या पेचातून कितीही शिस्तीचा माणूस केवळ ताठ बसून सुटू शकत नाही. लॅपटॉप मुळात प्रवासात, थोड्या वेळाच्या कामासाठी सोबत नेण्याचे यंत्र होते आणि त्या कामाला ते उत्तमच आहे. परंतु २०२० च्या टाळेबंदीनंतर अनेक कार्यालयांनी टेबलावरचे संगणक हळूहळू काढून टाकले, आणि प्रवासातले हे यंत्र दिवसभराच्या नोकरीचे एकमेव साधन होऊन बसले.

मान वाकवण्याने काय होते, हे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक वाटते. प्रौढ माणसाचे डोके साधारण साडेचार ते साडेपाच किलो वजनाचे असते. ते सरळ तोललेले असते तेव्हा मानेच्या मणक्यांवर जवळपास तेवढाच भार येतो. मान पुढे झुकू लागली की तो झपाट्याने वाढतो. न्यूयॉर्कमधील मणक्यांचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हिशेबानुसार ३० अंशांच्या झुकावाला हा भार सुमारे १८ किलो आणि ६० अंशांना सुमारे २७ किलो होतो. हे आकडे गणिती प्रतिकृतीवरून काढलेले आहेत, प्रत्यक्ष माणसांवर मोजलेले नाहीत, त्यामुळे ते शब्दशः घेऊ नयेत. मात्र त्यामागचा तरफेचा नियम निर्विवाद आहे. डोके पुढे गेले की ते धरून ठेवण्याचे काम मानेमागच्या आणि खांद्यांच्या स्नायूंवर पडते. हे स्नायू तासन् तास आवळलेल्या स्थितीत राहिले की त्यांतले रक्ताभिसरण मंदावते, रग लागते आणि संध्याकाळपर्यंत खांदे भरून येतात. मणक्यांच्या मधल्या चकत्यांना तर प्रौढपणी स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच. त्यांना लागणारे पोषण आजूबाजूच्या ऊतींमधून झिरपून येते आणि त्या झिरपण्याला शरीराच्या हालचालीची मदत होते. म्हणूनच योग्य बैठकसुद्धा सलग तीन तास धरून ठेवणे हितावह नाही, हे मी आवर्जून नमूद करते. ताठ बसण्याचा आग्रह धरणारे अनेकजण नेमकी ही गोष्ट विसरतात.

टेबलाच्या उंचीचा त्रास सर्वांत जास्त होतो तो कमी उंचीच्या माणसांना, म्हणजेच आपल्याकडे बहुसंख्य स्त्रियांना. साधारण पाच फूट उंचीची स्त्री पाय जमिनीवर टेकवून बसली, तर तिचे कोपर जमिनीपासून २४-२५ इंचांवर येते आणि तिच्यासमोरचे टेबल असते ३० इंचांचे. त्यावर लॅपटॉपची जाडी वेगळीच. दिवसभर खांदे वर उचलूनच ती काम करते. खुर्ची उंच केली तर पाय लोंबकळतात, मांडीच्या मागच्या बाजूला कड रुतते आणि पायांना मुंग्या येतात. पाच-सहा इंच उंचीचे साधे लाकडी पायटेकू दिले की हा प्रश्न सुटतो, पण ते द्यायचे असते हेच पुष्कळ कार्यालयांना माहीत नाही. घरून काम करणारीची स्थिती याहून बिकट असते. जेवणाचे टेबल, प्लास्टिकची खुर्ची, नाहीतर सरळ पलंगावर मांडी घालून मांडीवर लॅपटॉप. वन रूम किचनच्या घरात दोघांची कामे आणि मुलांचा अभ्यास एकाच वेळी चालू असताना कामाची वेगळी जागा कुठून आणायची, या प्रश्नाचे सोपे उत्तर माझ्याकडेही नाही.

हे दुखणे संगणकाबरोबर जन्माला आले, असेही नाही. इटलीतील वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७१३ मध्ये कारकून आणि लेखनिकांच्या आजारांविषयी लिहिताना तीन कारणे सांगितली होती: सततचे बसणे, हाताची तीच ती हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर येणारा ताण. तीनशे वर्षांपूर्वीचे हे निदान आजच्या कॉल सेंटरमधल्या किंवा हिंजवडीतल्या कर्मचाऱ्याला जसेच्या तसे लागू पडते. फरक एवढाच, की युरोपने त्यावर पुढे कायदा केला आणि आपण अद्याप केलेला नाही.

युरोपीय समुदायाने, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वरूपाने, २९ मे १९९० रोजी पडद्यासमोरच्या कामासंबंधी एक निर्देश काढला. त्याच्या परिशिष्टात स्पष्ट म्हटले आहे की कळफलक पडद्यापासून वेगळा आणि तिरका करता येण्याजोगा असला पाहिजे, जेणेकरून हात आणि दंड शिणणार नाहीत. खुर्चीची उंची बदलता आली पाहिजे, तिच्या पाठीची उंची आणि कल बदलता आला पाहिजे, आणि जो मागेल त्याला पायटेकू मिळाले पाहिजे. काम मधूनमधून थांबेल किंवा बदलेल अशी त्याची आखणी करणे आणि कर्मचाऱ्यांच्या डोळ्यांची तपासणी करून देणे हीदेखील मालकाची जबाबदारी ठरवली आहे. सोबत नेण्याच्या यंत्रांना या निर्देशातून सूट आहे, पण ती यंत्रे एखाद्या जागी दीर्घकाळ वापरात नसतील तरच. म्हणजे रोज आठ तास लॅपटॉपवर काम करून घ्यायचे असेल, तर वेगळा कळफलक देणे तिथे बंधनकारक होते. ब्रिटनने याच निर्देशावरून १९९२ मध्ये आपले नियम केले, आणि युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतरही ते तिथे चालू आहेत. जपानच्या आरोग्य व श्रम मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत पडद्यासमोरची एक सलग बैठक एका तासाहून अधिक नसावी आणि पुढच्या बैठकीपूर्वी १० ते १५ मिनिटांचा खंड असावा, असे सांगितले आहे. आपल्याकडे महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात सलग पाच तासांच्या कामानंतर अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली होती. दुकानातल्या किंवा गोदामातल्या कामासाठी ती पुरेशी आहे की नाही हा वेगळा प्रश्न, परंतु पडद्यावर खिळलेल्या डोळ्यांना आणि मानेला पाच तास फार होतात.

बसण्याचा विचार आपल्या कायद्यांनी केलेलाच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४४ मध्ये उभे राहून काम करणाऱ्या कामगारांसाठी बसण्याची सोय ठेवण्याचे बंधन होते. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये आपापल्या दुकाने व आस्थापना कायद्यांत सुधारणा करून दुकानातील कर्मचाऱ्यांना बसण्याचा हक्क दिला. साड्यांच्या आणि दागिन्यांच्या दुकानांत बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या स्त्रियांनी त्यासाठी मोठा लढा दिला होता. ज्यांना बसायलाच मिळत नव्हते त्यांची दखल आधी घेतली गेली, हे योग्यच झाले. आता ज्यांना उठायला मिळत नाही त्यांच्याकडे पाहायला हवे. सुरुवातीला उल्लेखलेल्या चार श्रमसंहितांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने मालकावर कामाची जागा इजा किंवा व्यवसायजन्य आजार होणार नाही अशी ठेवण्याचे कर्तव्य टाकले आहे, आणि आरोग्य व सुरक्षेची मानके ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला आहे. मात्र याच संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीत कळवण्यायोग्य आजारांची जी यादी आहे, तिच्यात शिशाची विषबाधा आहे, सिलिकोसिस हा धुळीमुळे होणारा फुफ्फुसांचा आजार आहे, गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा आहे. बैठ्या कामाने मान, पाठ आणि मनगट यांना होणारे विकार नाहीत. जे कळवावे लागत नाही ते मोजले जात नाही, आणि जे मोजले जात नाही त्यासाठी कोणी तरतूद करत नाही.

हा प्रश्न फक्त मोठ्या पगाराच्या आयटी नोकऱ्यांचा आहे, असा समज असेल तर तो दूर व्हावा. ई-फेरफार आणि ऑनलाइन सातबाराचे काम सुरू झाल्यापासून तलाठी, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात ते, लॅपटॉपवर काम करतात. गावागावांतली आपले सरकार सेवा केंद्रे, पतसंस्था, सीएंच्या कचेऱ्यांत शिकणारी मुले, घरबसल्या शिकवण्या घेणाऱ्या शिक्षिका, सगळ्यांसमोर तेच यंत्र आहे, आणि खुर्ची बहुतेक वेळा हात नसलेली प्लास्टिकची. शिवाय ही संहिता सरकारी कार्यालयांना लागूच नाही. त्यामुळे तलाठ्यांसाठी राज्य शासनालाच स्वतंत्र शासन निर्णय काढावा लागेल.

उपाय महाग नाही, हे मला ठासून सांगायचे आहे. लॅपटॉप उचलून धरणारा स्टँड, एक वेगळा कळफलक आणि एक माऊस या तीन वस्तू मिळून साधारण दीड-दोन हजार रुपयांत येतात. ज्या यंत्रासोबत त्या द्यायच्या, त्याची किंमत चाळीस-पन्नास हजारांच्या घरात असते. स्टँड नसेल तर जाड पुस्तकांची चळत किंवा घरातला पाटही चालतो, पण कळफलक आणि माऊस वेगळे हवेतच, त्यांच्याविना पडदा उचलण्यात अर्थ नाही. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली यावी आणि पडदा हातभर अंतरावर असावा. ज्यांना प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चश्मा आहे त्यांनी पडदा याहून थोडा खाली ठेवावा; अन्यथा चश्म्याच्या खालच्या भागातून वाचण्यासाठी ते हनुवटी वर करतात आणि मान पुढे वाकण्याऐवजी मागे मोडते. चाळिशी ओलांडलेल्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत ही चूक फार दिसते. खुर्चीचे हात टेबलाच्या कडेला अडत असतील तर माणूस टेबलाजवळ जाऊच शकत नाही आणि पुढे झुकतो. अशा वेळी हात खाली करता येणारी किंवा बिनहातांची खुर्ची बरी. खिडकी पाठीमागे असेल तर पडद्यावर चकाकी येते आणि ती चुकवण्यासाठी माणूस नकळत वाकडा बसतो, म्हणून खिडकी बाजूला असावी.

टंकलेखनाविषयी मला थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण ते माझे क्षेत्र आहे. कळफलकाकडे न पाहता दहाही बोटांनी टंकणारा माणूस मान स्थिर ठेवतो. दोन बोटांनी अक्षरे शोधत टंकणारा खाली पाहतो, पुन्हा वर पाहतो, आणि दिवसातून शेकडो वेळा हेच करतो. त्याला स्टँड दिला तरी त्याची मान खालीच जाणार. मराठीच्या बाबतीत तर हे जास्तच खरे आहे, कारण बहुतेक लॅपटॉपच्या कळांवर देवनागरी अक्षरे छापलेली नसतात आणि अनेकजण रोमन अक्षरांवरून अंदाजाने मराठी टंकतात. राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षेत आजही हजारो मुले बसतात. त्या परीक्षेत वेग आणि अचूकता तपासली जाते, परंतु पूर्वी ज्या शिस्तीने बैठक शिकवली जाई ती आता संस्थांमध्ये क्वचितच दिसते. अभ्यासक्रमात बैठक, पडद्याची उंची आणि विश्रांती यांचा प्रात्यक्षिक पाठ सक्तीचा करावा, अशी परिषदेला माझी विनंती आहे.

या मागणीवर एक उत्तर नेहमी मिळते: कर्मचाऱ्यांनी योगासने करावीत, चालावे, स्वतःच्या शरीराची काळजी स्वतः घ्यावी. व्यायामाचे महत्त्व मला मान्य आहे. दर अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटे फिरावे, खांदे गोल फिरवावेत, दूरवर नजर लावावी, याने निश्चित लाभ होतो. पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्यांची उघडझाप बरीच कमी होते, तीही यामुळे पूर्ववत होते. पण सकाळी अर्धा तास आसने करून नंतर नऊ तास मान खाली घालून बसणाऱ्याची मान सुधारेल, असे कोणत्याही फिजिओथेरपिस्टने मला आजवर सांगितलेले नाही. २१ जूनला योगदिनाचा कार्यक्रम करणाऱ्या कार्यालयाने त्याच कर्मचाऱ्यांना वर्षभर वेगळा कळफलक नाकारावा, हे मला पटत नाही.

दुखणे अंगावर काढण्याची आपली सवय इथे विशेष घातक ठरते. रात्री झोपेत अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येऊन जाग येणे, हातातली वस्तू निसटणे, मानेतून दंडात आणि पुढे बोटांपर्यंत कळ उतरणे, चालताना तोल जाणे, ही लक्षणे मलम चोळून किंवा दुकानातून आणलेला मानेचा पट्टा बांधून घालवण्याची नाहीत. नस दबली गेल्याची ती खूण असू शकते आणि डॉक्टरांना वेळेवर दाखवले तर पुष्कळदा शस्त्रक्रियेशिवाय निभावते. माझ्याकडे शिकून पुण्याला आणि नवी मुंबईला नोकरीला गेलेली, तिशीही न गाठलेली मुले-मुली गळ्यात पट्टा घालून गावी येतात, तेव्हा मला अतिशय वाईट वाटते. आमच्या पिढीतल्या टंकलेखकांना ही वेळ सहसा निवृत्तीच्या सुमारास येत असे.

केंद्र सरकारने नव्या संहितेखाली मानके ठरवताना पडद्यासमोरच्या कामासाठी स्वतंत्र मानक करावे. त्यात वेगळा कळफलक, उंची बदलता येणारी खुर्ची, मागेल त्याला पायटेकू, डोळ्यांची तपासणी आणि दर तासाला छोटी विश्रांती यांचा समावेश असावा, आणि घरून काम करणाऱ्यांनाही ते लागू असावे. याला वेळ लागेल, हे मी समजू शकते. राज्य शासनाला मात्र थांबण्याचे कारण नाही. तलाठ्यांसाठी, शाळांसाठी आणि मंत्रालयासाठी शासन जे लॅपटॉप विकत घेते, त्यांच्या प्रत्येक मागणीपत्रात स्टँड, कळफलक आणि माऊस यांचा समावेश सक्तीचा करणारा शासन निर्णय महसूल आणि माहिती तंत्रज्ञान विभागांनी या आर्थिक वर्षात काढावा. त्यासाठी विधिमंडळात विधेयक आणावे लागत नाही.

आपली,
एक निवृत्त टंकलेखन निदेशिका,
सातारा